लोकप्रशासन या विद्याशाखेच्या विकासाचा अभ्यास कसा करावा

लोकप्रशासनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील पहिल्या प्रकरणात विद्यार्थ्यासमोर बहुधा एक तक्ता येतो. त्यात १८८७, १९२६, १९३७, १९४७, १९६८, १९९१ अशी साले असतात, सालांपुढे नावे आणि नावांपुढे एकेका सिद्धान्ताचे शीर्षक असते. तक्ता पाठ होतो, परीक्षेत उतरवलाही जातो. पण या तक्त्यातील अमेरिकी विचारवंतांपैकी विल्सननंतर सायमन का आला आणि सायमननंतर तरुण अभ्यासकांची मिनोब्रुकची परिषद का भरली, असे विचारले की उत्तर सुचत नाही. या विद्याशाखेतील प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर घेतलेल्या आक्षेपातून निघालेला आहे, आणि तो आक्षेप हाती लागला की साले आपोआप लक्षात राहतात. पुढे सुचवलेली पद्धत या एकाच समजुतीवर उभी आहे.

एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक विचारवंताला एक पान द्यावे. पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: त्याच्यासमोर कोणत्या देशातील, कोणत्या काळातील अडचण होती, त्याने कोणाचे म्हणणे खोडून काढले किंवा पुढे नेले, आणि त्याच्यावर पुढे कोणी कोणता आक्षेप घेतला. तिसरी जागा सुरुवातीला मुद्दाम रिकामी ठेवावी. ती पुढचा विचारवंत वाचताना भरायची असते, आणि ती भरताना विषयाचा धागा हाताशी येतो.

आरंभबिंदू ठरवताना

मराठी वाचकाला येथे पहिली अडचण येते ती अभिमानाची. कौटिल्याचे अर्थशास्त्र आपल्याकडे होते, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र मराठीतच आहे. मग लोकप्रशासनाचा आरंभ १८८७ साली अमेरिकेत झाला असे का म्हणायचे? हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. राज्यकारभाराविषयीचे चिंतन ही एक गोष्ट आहे आणि विद्यापीठात शिकवली जाणारी, स्वतःचे अध्यासन, पाठ्यपुस्तक, नियतकालिक आणि पदवी असलेली विद्याशाखा ही दुसरी. आज्ञापत्र हे पहिल्या प्रकारातील मौलिक लेखन आहे आणि त्याला त्या मानानेच वाचावे. मात्र दुसरी कसोटी लावली तर अमेरिकेचेही पहिलेपण डळमळते, कारण प्रशियाच्या राजाने १७२७ मध्येच हाले आणि ओडर नदीवरील फ्रँकफुर्ट येथील विद्यापीठांत राज्यकारभाराच्या अध्यापनासाठी अध्यासने निर्माण केली होती. कॅमेरलिझम या नावाने ओळखली जाणारी ती परंपरा माहीत असली की विल्सनचा निबंध निराळ्याच प्रकाशात दिसतो.

विल्सनचा निबंध मुळातून वाचावा

वुड्रो विल्सन यांचा ‘द स्टडी ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’ हा निबंध जून १८८७ मध्ये ‘पॉलिटिकल सायन्स क्वार्टर्ली’त प्रसिद्ध झाला. तो फार मोठा नाही. दोन बैठकींत वाचून होतो. वाचण्यापूर्वी त्यामागची अडचण पानावर लिहून ठेवावी. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने सरकारी पदे आपल्या माणसांना वाटायची, ही ‘लूट पद्धती’ अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळापासून बळावली होती. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर पद न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने गोळ्या झाडल्या, त्यातच त्यांचा अंत झाला, आणि १८८३ मध्ये गुणवत्तेवर आधारित भरतीचा पेंडल्टन कायदा संमत झाला. कायद्याने भरतीचे दार बदलले. आत गेलेल्या माणसाने काम कसे करावे हा प्रश्न उरला, आणि विल्सन तेथून सुरुवात करतात. राज्यघटना तयार करण्यापेक्षा ती चालवणे आता अधिक अवघड होत आहे, हे त्यांचे विधान निबंधाच्या गाभ्याशी आहे.

येथे एक जागा विशेष लक्ष देऊन वाचावी. राजेशाही प्रशियाकडून लोकशाही अमेरिकेने काही शिकावे काय, या शंकेला विल्सन असे उत्तर देतात की, खुनी माणूस सफाईने सुरीला धार लावत असेल तर त्याचा खुनाचा हेतू न घेता धार लावण्याची रीत घेता येते. राजकारण आणि प्रशासन वेगळे करण्याचा त्यांचा विचार याच दाखल्यात सामावलेला आहे: साधन आणि साध्य यांची फारकत करता येते, असे तो गृहीत धरतो. पुढची जवळजवळ शंभर वर्षे या गृहीतकाशी झगडण्यात गेली आहेत.

या ठिकाणी वहीत आणखी एक सवय लावून घ्यावी, ती म्हणजे प्रत्येक ग्रंथापुढे दोन साले लिहिण्याची: तो कधी लिहिला गेला आणि कधी वाचला जाऊ लागला. विल्सनचा निबंध कित्येक वर्षे फारसा कोणी वाचत नव्हते. १९४१ मध्ये तो त्याच नियतकालिकात पुन्हा छापला गेला. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचे १९२० मध्ये निधन झाले, पण त्यांचे नोकरशाहीविषयीचे लेखन इंग्रजीत आले ते १९४६-४७ च्या सुमारास. म्हणून विल्सन आणि वेबर एकमेकांच्या प्रभावाखाली लिहीत होते असा समज करून घेऊ नये; तक्त्यात शेजारी आलेली नावे इतिहासात शेजारी असतातच असे नाही.

तत्त्वांचा काळ आणि त्यावरचा घाव

फ्रँक गुडनाऊ यांनी १९०० मध्ये राजकारण म्हणजे राज्याच्या इच्छेची अभिव्यक्ती आणि प्रशासन म्हणजे तिची अंमलबजावणी, अशी मांडणी केली. १९२६ मध्ये लेनर्ड व्हाइट यांचे पहिले पाठ्यपुस्तक आले आणि त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले की, प्रशासनाचा अभ्यास कायद्यापासून नव्हे तर व्यवस्थापनापासून सुरू करावा. युरोपात हा विषय कायद्याच्या अंगाने शिकवला जात असल्याने हे वळण मोठे आहे. त्यानंतर टेलर यांचे १९११ चे शास्त्रीय व्यवस्थापन, फेयॉल यांची १९१६ ची चौदा तत्त्वे आणि १९३७ मध्ये गुलिक व उर्विक यांनी संपादित केलेला निबंधसंग्रह हे एका बैठकीत एकत्र वाचावेत. प्रमुख अधिकाऱ्याच्या कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून गुलिक यांनी बनवलेल्या ‘पोस्डकॉर्ब’ या शब्दातील सात कार्ये पाठ असावीत, पण त्यांच्यावर दिवस घालवू नयेत.

खरा वेळ द्यावा तो हर्बर्ट सायमन यांच्या १९४६ च्या निबंधाला. प्रशासनाची तत्त्वे म्हणजे निव्वळ म्हणी आहेत, असे सायमन म्हणतात, आणि म्हणींचे वैशिष्ट्य असे की त्या परस्परविरोधी जोड्यांनी वावरतात. आपल्याकडे एस. टी.च्या गाडीत ‘अति घाई संकटात नेई’ वाचणारा माणूसच घरी ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणतो आणि दोन्ही वेळा त्याचे खरेच वाटते, तसेच काहीसे. सायमन यांचा मुद्दा स्वतः आकडेमोड करून पाहावा. एका कार्यालयात तळाशी ६४ कर्मचारी आहेत असे समजा. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली चारच माणसे असावीत हे तत्त्व पाळले, तर ६४ वर १६, त्यांच्यावर ४ आणि मग प्रमुख, अशा मधल्या दोन पायऱ्या पडतात. फाइल लवकर पोहोचावी म्हणून पायऱ्या कमी ठेवाव्यात हे दुसरे तत्त्व पाळायचे, तर मध्ये आठ अधिकाऱ्यांची एकच पायरी ठेवावी लागते आणि प्रत्येकाच्या हाताखाली आठ माणसे येतात. दोन्ही तत्त्वे एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि कोणते केव्हा पाळावे हे तत्त्वे सांगत नाहीत. हे गणित एकदा कागदावर मांडले की सायमन यांनी १९४७ च्या ग्रंथात निर्णयप्रक्रिया अभ्यासाच्या केंद्रस्थानी का आणली, हे वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

त्याच काळातील आणखी दोन आवाज सायमन यांच्या पानासमोर लिहावेत. रॉबर्ट डाल यांनी १९४७ मध्ये विचारले की, मूल्यांचा विचार वगळून, माणसाचे खरे वर्तन न पाहता आणि एकाच देशाच्या अनुभवावरून प्रशासनाचे शास्त्र कसे उभे राहील? ड्वाइट वाल्डो यांनी १९४८ मध्ये दाखवले की कार्यक्षमतेचा आग्रह हीच मुळात एक राजकीय भूमिका आहे. सायमन आणि वाल्डो या दोघांनीही जुन्या इमारतीला धक्का दिला, पण सायमन यांना त्या जागी अधिक काटेकोर शास्त्र हवे होते आणि वाल्डो यांना राजकीय विचार. माझ्या मते हा फरक ज्याला नीट कळला, त्याला या विषयाची पुढची सगळी वाट मोकळी झाली.

डाल यांच्या तिसऱ्या प्रश्नातून तुलनात्मक लोकप्रशासन निघाले, फ्रेड रिग्ज यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगट १९६० मध्ये कामाला लागला, आणि थायलंडसारख्या देशांच्या अनुभवावरून रिग्ज यांनी संक्रमणावस्थेतील समाजाचे आपले प्रतिमान मांडले. पहिल्या प्रश्नाला जोर आला तो १९६८ मध्ये. व्हिएतनाम युद्ध आणि शहरांतील वांशिक अशांततेच्या त्या वर्षी वाल्डो यांच्या पुढाकाराने सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मिनोब्रुक केंद्रात तरुण अभ्यासक जमले आणि त्यांनी समर्पकता, मूल्ये, सामाजिक समता आणि परिवर्तन यांचा आग्रह धरला.

भारताचे पान वेगळे ठेवावे

भारतातील वाटचाल अमेरिकी तक्त्यात कोंबू नये, कारण तिचा उगम दुसरीकडे आहे. व्हाइसरॉय रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव १८८२ चा. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था मुंबईत १९२६ मध्ये, म्हणजे व्हाइट यांच्या पाठ्यपुस्तकाच्याच वर्षी, स्थापन झाली. नागपूर विद्यापीठात १९४९-५० च्या सुमारास जो स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो देशातील पहिला पूर्ण विभाग मानला जातो, आणि त्याच्या नावातच लोकप्रशासनाबरोबर स्थानिक स्वराज्य हे शब्द होते. नगरपालिका आणि ग्रामपंचायती चालवायला माणसे हवीत, ही आपली पहिली गरज होती. त्यानंतर पॉल अॅपलबी यांचा भारतीय प्रशासनावरचा १९५३ चा अहवाल आला, आणि १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. अॅपलबी सिरॅक्यूजचेच अधिष्ठाता होते आणि राजकारण व प्रशासन वेगळे करता येत नाही असे मानणाऱ्यांपैकी होते. भारताला सल्लागार मिळाला तो विल्सनच्या बाजूचा नव्हता, हे वहीत ठळकपणे लिहून ठेवावे. १९८७ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा ऐच्छिक विषय झाला आणि विद्यार्थ्यांची संख्या वाढली. वाचन मात्र टिपणांवर आले.

उत्तर लिहिताना

या विद्याशाखेचा विकास पाच प्रतिमानांत, म्हणजे पाच टप्प्यांत, विभागणारी निकोलस हेन्री यांची मांडणी उत्तरात वापरावी, पण १९५०-७० (लोकप्रशासन म्हणजे राज्यशास्त्र) आणि १९५६-७० (लोकप्रशासन म्हणजे व्यवस्थापन) हे तिचे दोन टप्पे एकाच काळातील आहेत, एकामागून एक आलेले नाहीत, हे सांगावे. १९९१ मध्ये क्रिस्टोफर हूड यांनी ज्याला नवे सार्वजनिक व्यवस्थापन, म्हणजे सरकारी कारभारात खासगी उद्योगाच्या पद्धती आणणे, हे नाव दिले, ते ब्रिटन आणि न्यूझीलंडमधील आधीच सुरू झालेल्या सुधारणांचे वर्णन होते. तेथे व्यवहार पुढे होता आणि सिद्धान्त मागून आला, हेही नोंदवावे.

वही पूर्ण झाल्यावर ती तपासण्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ची प्रत समोर ठेवावी. पदनिर्देशित अधिकारी आणि त्याच्यावरचे अपील अधिकारी कोणत्या पानावरचे, सेवेची कालमर्यादा आणि ती चुकल्यास दंड कोणत्या पानावरचा, आणि सेवा ही नागरिकाचा हक्क आहे हा शब्द कोणत्या पानावरचा, असे कलमाकलमाशेजारी पेन्सिलीने पानाचे क्रमांक घालावेत. ज्या कलमाला पान सापडणार नाही, तेथे कोणता विचारवंत वाचायचा राहिला आहे ते पाहून त्याचे पान वहीत उघडावे.