आधी पिशवीचं बूड बघा: गुळवेल-अडुळशाच्या छाटकलमांसाठी पावसाळी सल्ला

जुलैची झड लागली की गुळवेल-अडुळशाच्या काड्या लावलेल्या पिशव्या रांगाच्या रांगा बसतात, म्हणजे आतल्या काड्या कुजून मरतात. शेतकरी म्हणतो रोग आला. मी पिशवी उचलून बूड बघतो. भोकं नसतात, किंवा दोनच असतात आणि तीही खालच्या ताडपत्रीला चिकटलेली.

पाऊस उघडला असेल तर आत्ताच दर रांगेतल्या चार पिशव्यांत अर्धा पेला पाणी ओता. मिनिटभरात मुरलं नाही, तर दाभण घ्या. बुडाला चार आणि त्याच्या दोन बोटं वर चार भोकं पाडा. ताडपत्री काढा, खाली मुरमाचा थर द्या. पुढची झड येण्याआधी हे झालंच पाहिजे.

फसवणूक होते ती पानांमुळे. काडीत अन्नाचा साठा असतो, त्यावर डोळे फुटतात, कोवळी पानं दिसतात, खाली मूळ एकही नसतं. आपण खूश होऊन झारीने आणखी पाणी घालतो. काही दिवसांत पानं लोंबतात. काडी उपटली की साल बोटांत निघून येते, आत काळपट, आंबूस वास. अशा वेळी दुकानदार मुळं वाढवणारं म्हणून ह्युमिक आणि टॉनिकच्या बाटल्या देतो. कुजलेल्या काडीला टॉनिक कसलं? ते पैसे वाळूला घाला.

पिशवी भरायला माती, वाळू, शेणखत समभाग ही नेहमीची शिफारस जांभ्या मातीत आणि पोयट्यात चांगली चालते. विदर्भ-मराठवाड्यातली भारी काळी माती मात्र भिजली की फुगते आणि निचरा बंद होतो. तिथे मी एक घमेलं माती, दोन घमेली जाड वाळू आणि अर्धं घमेलं जुनं शेणखत घेतो. शिफारशीत हे नाही, हा माझा अंदाज आहे. वाळू परवडत नसेल तर चाळलेला बारीक मुरूम घ्या. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उन्हाळ्यात ठीक, झडीत ते पाणी धरून बसतं. ताजं शेण तर नकोच, ते पिशवीत तापतं.

मुळं फुटावीत म्हणून काडीला लावतात ती रूटिंग पावडरही गुळवेलीला लागत नाही. झाडावर लोंबणारी तिची फांदी स्वतःच हवेत मुळ्या सोडते. तिची काडी एक रात्र सावलीत ठेवली की चीर सुकते आणि कूज कमी येते, असा माझा अनुभव. चोवीस तासांच्या आत मात्र लावाच. अडुळसा कापला त्याच दिवशी लावावा.

बाकीची कामं:
- काडी पेन्सिलीएवढी जाड, 15 ते 20 सेंमी, 3-4 डोळ्यांची
- खालचा काप तिरपा, वरचा सरळ. उलटी लावू नये
- निम्मी काडी मातीत, भोवती माती दाबून
- शेडनेटची सावली
- तण काढणे

ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) 1 किलो, 100 किलो ओलसर कुजलेल्या शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा, मग पिशव्या भरा. कूज दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे ताम्रयुक्त बुरशीनाशक 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात, काडीच्या बुडाशी ओतायचं. दोन्ही एकदम नको, ताम्र औषधाने ट्रायकोडर्माही मरू शकतो. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. आणि तुंबलेल्या पिशवीत औषध ओतण्याआधी भोकं पाडा, नाहीतर तेही पाण्यासारखंच वर तरंगत राहील.

बसलेल्या पिशव्यांतली माती पुन्हा वापरू नका, वाफ्यापासून लांब टाका. जुलैत नव्या काड्या लावायला हंगाम अजून शिल्लक असतो.