सॉफ्टवेअर रेड: ‘वाय’ दाबण्याआधी या चुका टाळा

लग्नसराईत सकाळी सातला शहापुरातल्या एका छापखान्यातून फोन. “रात्री उबुंटू अपग्रेड केलं ओ, आता डिझाइनचा फोल्डरच दिसेना की!” मराठी-कन्नड दोन्ही पत्रिकांच्या फायली तीन डिस्कच्या रेड ५ वर (लिनक्सने अनेक डिस्क एकत्र बांधलेली मांडणी; एक डिस्क मेली तरी डेटा वाचतो). म्हटलं, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका.

अ‍ॅरे (डिस्कचा तो गट) जागेवरच होता, फक्त त्याचं नाव एमडी० चं एमडी१२७ झालं होतं आणि एफएसटॅब (बूट होताना काय कुठे जोडायचं त्याची यादी) जुनंच नाव शोधत बसला होता. एमडीएडीएमच्या (रेड सांभाळणाऱ्या कमांडच्या) कॉन्फ फाइलमध्ये अ‍ॅरेची ओळ नसली, किंवा ती घालून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारा फायलींचा छोटा संच) पुन्हा बनवला नाही, की हे होतं. ‘डिटेल स्कॅन’ने मिळणारी ओळ तिथे टाका, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा, एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. दहा मिनिटांचं काम.

पण मालकांच्या भाच्याने तोवर नेटवर बघून ‘क्रिएट’ची कमांड मारली होती. या डिस्क आधीच्या अ‍ॅरेतल्या दिसतात, पुढे जायचं का, असं विचारून स्क्रीन थांबलेली. एका ‘वाय’चं अंतर! असलेला अ‍ॅरे जोडायचा तर ‘असेंबल’. ‘क्रिएट’ नवा मांडतो: डिस्कचा क्रम चुकला किंवा चंक, म्हणजे एकेका डिस्कवर पाळीपाळीने लिहायच्या तुकड्याचा आकार, जुळला नाही (जुना डीफॉल्ट ६४ के, आताचा ५१२ के) तर सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणं) सुरू होताच जुन्या डेटावर नवं लिहिलं जातं.

इथे तर त्याहून वाईट झालं असतं. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) तीन ‘यू’ऐवजी दोन ‘यू’ आणि एक अंडरस्कोर, म्हणजे एक डिस्क गळालेली. ‘एक्झामिन’ने डिस्कवरची रेडची नोंद बघितली तर एका डिस्कची शेवटची नोंद गणपतीतली. इतके महिने अ‍ॅरे लंगडत होता. मेलअ‍ॅडर (बिघाडाची मेल पाठवायचा पत्ता) रिकामा, मग कळणार कुणाला? ती शिळी डिस्क ‘क्रिएट’मध्ये मिसळली असती तर पत्रिकांचा चिवडाच.

मेलेली डिस्क काढताना एसडीबी-एसडीसीवर विसंबू नका, बूटगणिक ती नावं बदलू शकतात. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या कमांडने सिरियल नंबर बघा, डिस्कवरच्या लेबलशी ताडा, मगच केबल ओढा. चुकून चांगली ओढली तर रेड ५ तिथेच बसला.

नवी डिस्क लावली, रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) सुरू झाला. मालक म्हणाले, “उघडलंयच तर चौथीपण घालूया की.” म्हटलं, आधी रीबिल्ड संपू दे, बॅकअप होऊ दे. शिवाय ‘अ‍ॅड’ने ती नुसती स्पेअर (राखीव) होते. मग ‘ग्रो’ने डिस्कची संख्या चार करायची, रीशेप (डेटा चारही डिस्कवर पुन्हा पसरवणं) संपला की रिसाइझटूएफएसने फाइलसिस्टिम वाढवायची. ही शेवटची पायरी विसरतात आणि जागा वाढली नाही म्हणून फोन करतात.

रीशेपला तासन्‌तास लागतात, म्हणून विचारलं, लाईट गेली तर यूपीएस किती वेळ धरतो? मालक भाच्याकडे बघायला लागले.