इस्त्रोसचं चांदीचं नाणं खरं की नकली, कसं तपासायचं

काळ्या समुद्राच्या काठी, डॅन्यूबच्या मुखाजवळ, मिलेटस या प्राचीन ग्रीक शहरातल्या लोकांनी इ.स.पू. 7व्या शतकात इस्त्रोस नावाची व्यापारी वसाहत टाकली, आज ती जागा रोमानियात आहे. तिथली इ.स.पू. 4थ्या शतकातली चांदीची ड्राख्मा नाणी ऑनलाइन लिलावात बऱ्यापैकी दिसतात आणि नकलाही भरपूर फिरतात, त्यामुळे पैसे टाकायच्या आधी एवढं बघाच.

सुरुवात चित्रापासून. एका बाजूला दोन तरुण चेहरे शेजारी शेजारी, त्यातला एक चक्क उलटा, म्हणजे नाणं गोल फिरवलं की दुसरा सुलटा होतो. असं का काढलं यावर एकमत नाही, कोणी ग्रीक पुराणातले डायोस्कुरी हे जुळे भाऊ म्हणतं, कोणी उगवता-मावळता सूर्य, कोणी वारे (मला सूर्य पटतो). मागे समुद्री गरुड डॉल्फिनला पंजात धरून चोच मारतोय आणि वर गावाचं नाव, त्यात इंग्रजी पी सारखं दिसतं ते ग्रीक र आहे. डॉल्फिनखाली कधी कधी एखादं सुटं अक्षर असतं.

पण चित्रावर भाळू नका, नक्कल करणारा सगळ्यात आधी तेच जमवतो.

मग वजन. सोनाराकडचा काटा बेस्ट, नाहीतर दोन दशांशाचा छोटा डिजिटल काटा चालेल. साधारण 5 ते 7 ग्रॅम यायला हवं. फारच हलकं भरलं तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असू शकतो, अशी लबाडी त्या काळीही चालायची बरं का.

आता कड, आणि इथे घाई अजिबात नको. दहापट भिंग घ्या आणि कडेवरून हळूहळू फिरवा. खरं नाणं साच्यांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं म्हणून ते थोडं वाकडं, चित्र मध्यापासून सरकलेलं, कडेला बारीक चिरा असं असणं नॉर्मल आहे. कडेभोवती सलग रेघ किंवा घासून काढल्याची खूण असेल, पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे बारीक खड्डे असतील तर ते बहुतेक वितळलेला धातू ओतून केलेलं, म्हणजे नकली आहे. जुन्या लिलावांचे फोटोही चाळा. एकाच साच्यातली दोन खरी नाणी सापडू शकतात पण दोघांची कड सेम, ओरखडेही त्याच जागी, असं दिसलं की सरळ सोडून द्या.

विकणाऱ्याकडे जुन्या खरेदीची पावती मागा, टाळाटाळ केली तर पुढे जाऊच नका.

आणि मिळाल्यावर देवाच्या चांदीच्या भांड्यांसारखं घासू नका प्लीज, काळपट थर राहू दे आणि पीव्हीसीच्या अल्बमऐवजी ॲसिड-फ्री कागदी पाकिटात ठेवा.