जुन्या कपड्यांचे स्पंज शिवताय? मग या चुका टाळा

मी जुन्या टीशर्टचा पहिला स्पंज शिवला ना, तेव्हा तो छान गुबगुबीत व्हावा म्हणून आत हाताला लागेल ते ठासून भरलं, फाटके मोजे, टॉवेलचे तुकडे, बनियनची बाही, सगळंच. दोन दिवस मस्त चालला. तिसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर हाताला कुबट वास यायला लागला, साबणाने दोनदा धुतला तरी जाईना, शेवटी टाके उसवून बघितलं तर वरून कोरडा लागणारा स्पंज आतून ओलागच्च होता आणि मधल्या मोज्यावर काळे ठिपके पडलेले. आपण साबणाला दोष देतो, कापडाला देतो, पण कापडी स्पंज बहुतेक वेळा वाया जातो तो नीट वाळत नाही म्हणून, आणि वाळत नाही कारण आपणच तो जाड करून ठेवतो.

आत किती भरायचं

तळहातात मावेल असा, म्हणजे साधारण 10 बाय 14 सेंटीमीटरचा स्पंज असेल तर आत जुन्या टॉवेलचे दोन थर पुरतात, फार तर तीन. सगळी मिळून जाडी दीड सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका. शिवायच्या आधीच थर एकावर एक ठेवून मुठीत दाबून बघा, मूठ पूर्ण बंद होत नसेल तर एक थर काढा, कारण जे मुठीत दाबलं जात नाही ते पिळलंही जाणार नाही.

आणि कृपा करून आत चिंध्यांचा चुरा भरू नका. दोन-तीन धुण्यांत त्या सगळ्या एका कोपऱ्यात जाऊन गोळा होतात, मग अर्धा स्पंज रिकाम्या पिशवीसारखा लोंबतो आणि उरलेल्या अर्ध्यात गाठोडं. त्यापेक्षा सलग तुकडा घ्या, बाहेरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी एकेक सेंटीमीटर लहान कापा म्हणजे शिवणीत जाडी येत नाही, आणि स्पंज बंद झाल्यावर वरून आरपार दोन टीपा मारा, उभ्या किंवा तिरक्या. एवढ्या दोन टीपांनी आतलं कापड जागच्या जागी राहतं, माझा आता एकही स्पंज त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

कापड निवडताना

हाताला मऊ लागलं म्हणजे पाणी शोषेल असं नाही. पॉलिस्टरचा टीशर्ट मऊ असतो पण पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतो. लेबल कधीच कापून टाकलेलं असतं, तेव्हा सोपी परीक्षा म्हणजे कापडावर पाण्याचा एक थेंब टाका, लगेच मुरला तर घ्या, मण्यासारखा वरच बसला तर बाजूला ठेवा. आता एक गंमत, कधी कधी शंभर टक्के सुती कापडावरही थेंब बसून राहतो, कारण ते वर्षभर फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेलं असतं आणि त्याचा थर धाग्यांवर चढलेला असतो. असं कापड लगेच टाकून देऊ नका, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, खळखळून धुवा आणि वाळल्यावर परत थेंब टाकून बघा.

टीशर्टवरचं रबरी प्रिंट कापून वगळा, ते पाणी पीत नाही आणि नंतर त्याचे कपटे सुटतात. गडद रंगाची जीन्स असेल तर आधी पांढऱ्या चिंधीसोबत गरम पाण्यात भिजवा, चिंधीला रंग लागला तर अजून दोन-तीनदा धुवायला हवी. फ्लीस, म्हणजे थंडीच्या जॅकेटचं लवदार कापड, मात्र पाण्याच्या कामाला नकोच, त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यातून वाहून जातात, कोरडी धूळ पुसायला ठेवा.

शिवण उसवते का?

टीशर्टचं कापड कापल्यावर नुसतं गुंडाळतं, दोरे सुटत नाहीत. पण चादर, शर्ट, जीन्स यांच्या कडेचे दोरे निघतात आणि टॉवेलचे तर धागे झडतच राहतात, तिथे कडेपासून एक सेंटीमीटर आत शिवा आणि कडेला झिगझॅग मारा. हाताने शिवत असाल तर धावदोरा नको, उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन, टाके बारीक. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सतत ओला राहून सुती दोरा कुजतो आणि मग एक टाका गेला की त्यामागून रांगच सुटते. स्पंज उलट्या बाजूने शिवून मग सुलटा करायचा असतो, तेव्हा उलटवायला पाच सेंटीमीटर जागा न शिवता सोडा आणि कोपऱ्याचं जास्तीचं कापड टीपेच्या जवळून कापा, पण टीप तोडू नका. कोपरा बाहेर काढायला कात्रीचं टोक घालू नका हो, पेन्सिलची बोथट बाजू घाला, माझे दोन कोपरे असेच फाटलेत.

घासायची बाजू

फळं येतात ती जाळीची पिशवी दुहेरी करून एका बाजूला लावली की छान घासलं जातं, फक्त तिच्या कडा सगळ्या शिवणीच्या आत जायला हव्यात, नाहीतर बोटाला टोचतात. नॉनस्टिकवर जाळीची बाजू लावू नका. आणि गॅसवरून आत्ताच उतरवलेल्या भांड्यालाही नाही, जाळी वितळून चिकटते.

वास येतोच आहे

जाळी नसलेला सुती स्पंज दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. जाळीवाला उकळला तर जाळी वाकडी होते, तो गरम पाण्यात डिटर्जंट घालून धुवा. लायक्रा असलेलं, म्हणजे ताणलं जाणारं कापडही उकळल्याने सैल पडतं. ब्लीच वारंवार वापरलं तर सूत कमजोर होतं, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलाही अ‍ॅसिडवाला क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो, हे अगदी मनापासून सांगते. मायक्रोवेव्हमध्ये घालून जंतू मारायचा प्रयोगही करू नका, कोरडं पडलेलं कापड पेट घेऊ शकतं. कच्च्या मांसाचं किंवा अंड्याचं सांडलेलं पुसायला वेगळी चिंधी ठेवा, हा स्पंज नको.

एकच स्पंज शिवून थांबू नका, सहा-सात शिवा म्हणजे रोज वाळलेला हाताशी असतो. शिवतानाच एका कोपऱ्यात कापडाच्या पट्टीचा लूप घाला आणि वापरून झाल्यावर पिळून टांगा, सिंकच्या कडेला आडवा पडलेला स्पंज खालच्या बाजूने ओलाच राहतो. लूप घालायचा मात्र उलटवायच्या आधी, दोन थरांच्या मध्ये, आतल्या बाजूला तोंड करून. मी पहिल्यांदा तो बाहेर ठेवून शिवला आणि उलटवल्यावर तो आतच गेला.