आधी पाण्याची वही, मग झाडं: बंद खाणीची साफसफाई कशी करावी

जून उजाडला की मला फोन येतात. "खाणीच्या डंपावर पाचशे रोपं लावायचीत, कुठली लावू?" मी विचारतो, पावसात त्या डंपावरून, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून, पाणी कुठून उतरतं? पलीकडे शांतता. मग मी सांगतो, यंदा रोपं राहू द्या. एक वही घ्या आणि दहा पारदर्शक बाटल्या.

डिचोली तालुक्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवर मी सत्तावीस वर्षं सर्व्हेअर होतो. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या, मधे काही सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. पंप थांबले आणि खंदक भरत गेले. आता गावामागे हिरवट निळं तळं दिसतं, पाहुणे त्याचे फोटो काढतात. त्या तळ्याशी आणि शेजारच्या लाल डोंगराशी वागायचं कसं, ते मी आमच्या गावात चुका करत शिकलो. तेच इथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट कागदांची. खाण बंद असली तरी ती बेवारस नसते. लीज कोणाची होती, खाण बंद करण्याचा आराखडा मंजूर होता का, हे पंचायतीमार्फत खाण खात्याकडे आणि भारतीय खाण ब्यूरोकडे लेखी विचारा. खर्चासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण ही दोन्ही कामं त्यात बसतात. परवानगी हातात येईपर्यंत खंदकात उतरू नका. वर जांभा, खाली मऊ चिकणमाती अशी ती भिंत असते. वरून टणक दिसते आणि पायाखालून सुटते. काठाला पायरी नसते, दोन पावलांवर वीस मीटर पाणी असू शकतं. पोहायला जाणाऱ्या पोरांसाठी नुसता फलक पुरत नाही, काटेरी कुंपणच घाला.

आता वही. खाणीतून किंवा डंपाकडून जिथून पाणी बाहेर पडतं, त्या प्रत्येक व्हाळात (ओहोळात) एक फळी आडवी रोवा आणि तिच्यात काटकोनाची त्रिकोणी खाच कापा. पाणी सगळं त्या खाचेतूनच गेलं पाहिजे. बाजूंनी चिकणमाती ठोकून बसवा. खाचेच्या मागे हातभर अंतरावर पट्टी उभी करा, तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला. पाणी 5 सेंटिमीटर चढलं तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, 10 ला साडेचार लिटरच्या जवळ, 20 ला पंचवीस. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, हे लोकांना आधी पटत नाही. रोज सकाळी आकडा लिहायचा, जोराच्या पावसात दुपारीही.

सोबत बाटली भरायची. ती खिडकीत ठेवायची आणि किती वेळात निवळते ते लिहायचं. तीन-चार तासांत निवळली तर जाड गाळ आहे, साधं सेटलिंग पाँड, म्हणजे गाळ खाली बसू देणारं तळं, पुरेल. दुसऱ्या दिवशीही दुधाच्या चहासारखी दिसली तर चिकणमातीचे बारीक कण आहेत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला एक मीटर खाली बसायला दहा-बारा दिवस लागतात. इतका वेळ पाणी धरून ठेवणारं तळं कोणी बांधू शकत नाही. मग तुरटी लागते. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी विरघळवा, लिटरच्या तीन बाटल्यांत त्यातलं 2, 4 आणि 6 मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात ढवळा, दहा मिनिटं हळू, मग अर्धा तास ठेवा. जी बाटली सर्वांत कमी तुरटीत निवळेल तो तुमचा डोस. तुरटीने पाणी आंबट होतं, म्हणून शेवटी पीएच पट्टी बुडवायची आणि गरज पडल्यास चुन्याची निवळी. हे सगळं आमच्या बाल्कनीत झालं. बायकोने त्या बाटल्यांना 'तुझी माटोळी' असं नाव ठेवलं; माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती.

लोखंड आहे की नाही हे प्रयोगशाळेआधी स्वयंपाकघर सांगतं. त्या पाण्याचा कोरा चहा काळपट होतो. पेरूचं पान चुरगळून पाण्यात टाकलं तर पाणी जांभळट होतं. उपशाच्या वेळी नितळ असलेलं पाणी तासाभराने तांबडं झालं तर विरघळलेलं लोह हवेशी भेटलं, असं समजा. मॅंगनीज मात्र हूड असतं. ते दगडावर काळा थर सोडतं, आणि ब्लीचिंग पावडर टाकली की टाकीतलं पाणी अचानक तपकिरी होतं. पिण्यासाठी मॅंगनीज लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर 0.3 पर्यंत चालतं. व्हाळात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा वेगळी आहे: लिटरला तरंगता गाळ 100 मिलिग्रॅम, लोह 3, मॅंगनीज 2; लोहखनिजाच्या खाणींसाठी स्वतंत्र मर्यादा आहेत. तपासणीचा अहवाल आला की तो आकडा कुठल्या मर्यादेशी ताडून पाहायचा, ते आधी ठरवा; आमच्याकडे सभेत दोन गट वेगवेगळ्या मर्यादा धरून तासभर भांडले.

साफसफाईचं पहिलं काम मातीचं नाही. वरच्या डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी डंपाला शिवूच नये, म्हणून डंपाच्या वरच्या अंगाने चर काढून ते बाजूने वळवा. खाणीवर याला गारलँड ड्रेन म्हणतात. हे एकच काम नीट झालं तर खालचं निम्मं काम हलकं होतं. शक्यतो चिऱ्यांनी अस्तर करा, कच्चा चर पहिल्या आषाढातच ओहोळ होतो.

मग उरलेलं गढूळ पाणी. हिशेब सोपा आहे: एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 घनमीटर पाणी. उघड्या डंपावरून त्यातलं साठ टक्के खाली आलं तर 600. म्हणजे 25 मीटर लांब, 12 रुंद, 2 खोल. आमच्याकडे एका दिवसात तेवढा पाऊस दरवर्षीच होतो, म्हणून दोन तळी ओळीने करा आणि मधे आडव्या भिंती घाला, पाणी वळसे घेत जाऊ दे.

सांडव्याबद्दल, म्हणजे तळ्यातलं जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेबद्दल, जरा थांबतो. 2007 साली ज्या खाणीवर मी होतो, तिथे टेलिंग पाँडचा, म्हणजे खनिज धुऊन उरलेल्या गाळाच्या तळ्याचा, सांडवा मातीचाच ठेवला होता. चिरे आले नव्हते, मे संपत आला होता, आणि सही माझीही होती. जुलैच्या एका रात्री बांध सांडव्यापासून खात गेला आणि खालच्या अकरा शेतांत गुडघाभर तांबडा गाळ बसला. लावणी नुकतीच झाली होती. एका भाऊंनी मला शेतात उभं केलं, काही बोलले नाहीत, फक्त हाताने गाळातून एक रोप वर ओढून दाखवलं. तेव्हापासून माझा नियम: तळं लहान असलं तरी चालेल, सांडवा दगडाचा आणि दुप्पट रुंद हवा. 2021 च्या जुलैत सीमेपलीकडे दोडामार्गात कळणे इथे खाणीतलं पाणी फुटून गावात शिरलं, ती बातमी मी उभ्याने वाचली.

लोह काढायला यंत्र लागत नाही, पाणी पडायला हवं. सेटलिंग पाँडच्या आधी चिऱ्यांच्या पाच-सहा पायऱ्या करा, पाणी आपटत उतरलं की हवा मिसळते आणि लोह गंजून खाली बसतं. मॅंगनीजसाठी त्यापुढे हातभर उथळ, लांब, गोट्यांनी भरलेला पाट. महिन्या-दोन महिन्यांत गोटे काळे पडतात. ते धुऊ नका, काम तोच काळा थर करतो!

पीएच 5 च्या खाली असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि जाणकार बोलवा. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या कोळशाच्या खाणींतून गंधकाच्या खनिजांमुळे खरोखर आम्ल वाहतं. तिथे चुनखडीचे दगड टाकले तरी त्यांच्यावर लोहाचा तांबडा लेप चढतो आणि दगड निकामी होतात. आपलं खनिज ऑक्साइडचं, म्हणून आपला त्रास मुख्यतः गाळाचा आहे.

खंदकातलं पाणी वायंगण शेतीला (पावसाळ्यानंतरच्या भाताला) हवं असेल तर दोन गोष्टी. पंपाचं तोंड तळाशी सोडू नका. तळाचं पाणी प्राणवायूविना पडून असतं, लोह आणि मॅंगनीज तिथेच विरघळलेलं असतं, कधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. रिकामे ड्रम बांधून तोंड तरंगतं ठेवा, पृष्ठभागाखाली दीड-दोन मीटर. आणि उपसा हळू. पातळी झपाट्याने उतरली तर भिंतीतलं पाणी आतच अडकतं आणि भिंत खंदकात बसते. शेजारच्या विहिरींची पातळीही वहीत घ्या. खाण चालू असताना याच पंपांनी त्या कोरड्या पाडल्या होत्या.

डंपाचं काम यानंतर. एकूण उतार 28 अंशांच्या आत आणा, पायऱ्या दहा मीटरपेक्षा उंच नकोत आणि त्या आतल्या बाजूला कललेल्या असाव्यात, पायथ्याला दगडी बांध. उतारावर काथ्याचं जाळं, त्यात वाळा. करंज, काजू, बांबू दुसऱ्या वर्षी. नुसती ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर हिरवा दाखवता येतो, पण तिच्याखाली गुरांना चरायला फारसं काही उगवत नाही.

हे सगळं मे संपायच्या आत. आणि फेब्रुवारीत तळ्यातला गाळ काढायचाच, नाहीतर पुढच्या पावसात तळं फक्त नावाला असतं. काढलेला गाळ काठावर रचू नका, तो परत आतच येतो. डंपाच्या वरच्या पायरीवर पसरा. हे काम कोण करणार, त्याचं नाव आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या वहीत पहिली तीन वर्षं तिथे 'पंचायत' असं लिहिलं होतं, आणि तीन वर्षं गाळ तिथेच होता.