त्र्यंबकला जाताना ऊन पाठीशी ठेवावे
नाशिकहून त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटर. परंतु त्याच रस्त्याने परतल्यास निम्मी सहल वाया जाते आणि वेळ चुकली तर ऊन थेट डोळ्यांवर येते. हा रस्ता पश्चिमेकडे जात असल्याने सकाळी आठच्या आत निघावे, म्हणजे सूर्य पाठीमागे राहतो आणि डाव्या हाताला अंजनेरीचा काळा कातळ स्वच्छ उजेडात दिसतो. परतताना पहिनेमार्गे घोटी गाठावी (खरी मजा याच टप्प्यात आहे) आणि तेथून महामार्गाने नाशिककडे वळावे. मावळतीचे ऊनही मग पाठीवरच राहते. श्रावणी सोमवार मात्र टाळावा. तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लोटलेल्या गर्दीत गाडी पुढे सरकत नाही.