चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर घराच्या नावाची अक्षरं कशी बसवायची

गावच्या घराला प्लास्टर नको, जांभा चिरा तसाच उघडा ठेवायचा आणि त्यावर स्टीलची नाहीतर पितळेची सुटी अक्षरं लावायची, कोकणात आता हे बरंच दिसतं आणि खरंच सुंदर दिसतं. पण प्लास्टरवर अक्षरं लावायची सवय असलेला माणूस चिऱ्यावरही तसंच करायला गेला की काम फसतं, कारण चिऱ्याची भिंत कधी एका पातळीत नसते, एक चिरा 5 मिमी आत तर शेजारचा 10 मिमी बाहेर.

म्हणून ड्रिल नंतर, आधी दोरी. नाव जिथे येणार तिथे वर एक आणि खाली एक अशा दोन दोऱ्या ताणा, सगळ्यात पुढे आलेल्या चिऱ्यापासून 10 मिमी बाहेर. लेव्हल पाईपने दोन्ही टोकं सारखी करा, ओळंबा लावून वरची-खालची दोरी एका रेषेत आहे ना बघा. अक्षरांची पाठ येणार ती या दोऱ्यांवर, दगड कुठेही असो. मग प्रत्येक स्टडच्या (अक्षराच्या पाठीला वेल्ड केलेला, दगडात जाणारा रॉड) जागी दोरीपासून दगडापर्यंत माप घ्यायचं, एके ठिकाणी 10 येईल, एके ठिकाणी 28, आणि त्यात दगडाच्या आत जाणारे 50 मिमी मिळवले की त्या स्टडची लांबी मिळते. फॅब्रिकेटरकडून सगळे स्टड 100 मिमीचेच वेल्ड करून घ्या, साइटवर कापता येतात, वाढवता येत नाहीत.

स्टड अक्षराच्याच ग्रेडचे हवेत. अक्षर 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं आणि मागे साधा लोखंडी रॉड असं बऱ्याचदा देतात, मग दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ. चुंबक लावून 304 आणि 202 मधला फरक कळत नाही, दोन्ही सहसा चिकटत नाहीत, म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. घर समुद्राजवळ असेल तर 316 च घ्या.

भोकांच्या खुणांसाठी कागदाचा नकाशा खडबडीत दगडावर चालत नाही, तो खाचखळग्यात दबतो आणि खुणा सरकतात. अक्षरं ज्या फाईलवरून लेझरने कापली त्याच फाईलवरून 6 मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कापून घ्या, स्टडच्या जागी भोकं पाडलेला, आणि मागे पाचरी घालून तो दोऱ्यांच्या पातळीत पक्का बांधा. भोकातून बिट सरळ जातं, दगडाच्या उतारावर घसरत नाही. एखादं भोक बरोबर सांध्यात येत असेल तर पूर्ण नाव दोन-तीन सेंटीमीटर सरकवा, सांध्यातल्या मालावर भरवसा ठेवू नका.

चिऱ्यात ड्रिलचं हॅमर बंद ठेवा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेत कडक होत जातो, त्यामुळे नव्या भिंतीत हॅमर लावलं की भोकाच्या कडा ढासळतात. देशावरच्या काळ्या दगडाला मात्र हॅमर लागतंच, पण पहिले 5 मिमी तिथेही हॅमरशिवाय. एम5 म्हणजे 5 मिमी जाडीच्या स्टडला 8 मिमीचं भोक पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भुकटी. माझ्या मामांच्या घराच्या नावातला अनुस्वार पहिल्याच पावसात खाली पडला, उचलून बघितलं तर स्टडला इपॉक्सीची (अराल्डाइटसारखा दोन भाग मिसळून लावायचा गोंद) अख्खी कांडी चिकटलेली आणि तिच्यावर सगळीकडून लाल भुकटीचा थर. इपॉक्सी दगडाला लागलंच नव्हतं, भुकटीला लागलं होतं. म्हणून पंपाने फुंका, ब्रश फिरवा, परत फुंका, असं तीनदा तरी करा. पाण्याने धुऊ नका, जांभा पाणी पितो. हे काम पावसाळ्यात करूच नका, दिवाळीनंतर भिंत सुकली की करा.

आपल्या लिपीचे दोन मुद्दे आहेत. गोल अनुस्वाराला एक स्टड चालतो, पण चौकोनी किंवा बोरूच्या वळणाचा असेल तर दोन लावा नाहीतर तो फिरतो. आणि सलग शिरोरेघ 2 मीटरची असेल तर थंडीतल्या सकाळपासून उन्हात तापेपर्यंत, 30 अंशांचा फरक पडला की, साधारण 1 मिमी वाढते, म्हणून मधला स्टड इपॉक्सीने पक्का करा आणि बाकीचे न्यूट्रल सिलिकॉनने. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते धातूला खातं.

एकदा सगळी अक्षरं कोरडीच लावून लांबून बघा. मग भोकाभोवती मास्किंग टेप, अराल्डाइट किंवा केमिकल अँकर (रॉड दगडात पक्का करायचा तयार चिकट माल) तळापासून दोन तृतीयांश भरा, स्टड फिरवत फिरवत आत. जांभ्यात पोकळ्या असतात, माल नुसता गडप होत असेल तर जाळीची स्लीव्ह घाला. अक्षर आणि दगडाच्या मधे लाकडी पाचरी, वरून टेप, आणि 24 तास हात लावू नका. पाचर काढताना एखादं अक्षर जरा जरी हललं तरी ते लगेच काढा, भोक साफ करा आणि परत लावा.